माकुलाची नळी

माझ्या नणंदेला सासरच्यांनी माहेरी पाठवून दिलं, ते माकूल रांधायला शिकून ये म्हणून. लोकांच्या मुली हुंड्यावरून परत येत, मूल होत नाही म्हणून येत, नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून येत. आमची माकुलावरून आली. निदान कारणाच्या बाबतीत तरी आमचं घर चार घरांपेक्षा वेगळं निघालं.

माकूल समुद्रात राहतो. आमचं गाव चौक आणि खालापूर यांच्या मधे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्हाला ठाऊक होती ती ओढ्यातली मरळ, बांधावरचे खेकडे आणि पनवेलहून पाटी घेऊन येणाऱ्या कोळिणीचं सुकट. ताजा माकूल गावात कोणी पाहिलेला नव्हता. अशा ठिकाणी मुलीला माकूल शिकायला पाठवणं म्हणजे मिठागर बघायला माथेरानवर पाठवणं. पण विहीणबाईंचा भूगोल उरणच्या खाडीपाशी सुरू होऊन तिथंच संपत होता.

झालं होतं असं. दसरा झाल्यावर विहीणबाईंचे भाऊ बहिणीकडे जेवायला आले. त्यांनी मुंबईहून नवी कवळी करून आणली होती आणि ती दाखवायलाच ते नातेवाइकांकडे हिंडत होते. नव्या सुनेनं माकूल रांधला. आमच्या बायला (नणंदेला मी बायच म्हणायची) कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि विचारलं तर अडाणी ठरू म्हणून तिनं विचारलंही नव्हतं. तिनं बकऱ्याचं मटण टाकावं तसा तो चुलीवर टाकला आणि पाहुणे भुकेले आहेत म्हणून अर्ध्यातच उतरवला. भावानं पहिला घास तोडला. माकूल तुटला नाही, कवळी मात्र बाहेर आली आणि माकुलातच रुतून बसली.

विहीणबाईंनी कवळी धुऊन भावाला दिली आणि सुनेला म्हणाल्या, "पोरीला रूप हाय, अंगात काम हाय, पन हात डोंगरातला हाय. म्हायेरी जा, माकूल शिकून ये. मग बघू."

हे 'मग बघू' ऐकायला हलकं आहे. आमच्या घरापासून तिसऱ्या घरात अशीच एक बाई होती. तिलाही 'मग बघू' म्हणून पाठवली होती. तिचे केस पांढरे झाले तरी तो 'मग' आला नव्हता. ती भावाच्या गोठ्यात शेण काढी आणि भावजयीच्या पोरांना खेळवी. बाय आली त्या संध्याकाळी ही बाई न बोलावता आमच्याकडे आली, बायजवळ घटकाभर बसली आणि उठून गेली. त्यानंतर बायला जेवण गेलं नाही.

"आणि जावईबापू काय म्हणाले?" मी विचारलं.

"खांबाला टेकून उबं हुतं. तोंडातनं शबूद नाय काडला, वयनी. वाळवी लागली की त्यांच्या घरचा खांब तरी वाजतो."

मला नणंदेचं दुःख होतंच. शिवाय एका चुलीपुढे दोन बायका नीट बसत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे आल्या दिवसापासून चूल माझी होती. ती जन्मभर वाटून घ्यायची वेळ येऊ नये, एवढा स्वार्थ माझ्या मायेत मिसळलेला होता. भाजीत मीठ असतं तेवढाच.

सासऱ्यांना मी मामा म्हणत असे, आणि मग सारं गावच म्हणू लागलं. मामा एकदा तालुका लोकल बोर्डावर होते. बोर्ड सुटलं तरी बोलणं सुटलं नाही. ते स्वतःला 'आम्ही' म्हणत, पांढरा कोट घालत, आणि घरात पाणी मागतानाही ठराव मांडल्यासारखं मागत. मुलगी परत आल्यावर दुसरा बाप काळजीनं वाळला असता. मामांनी विषयाचा अभ्यास सुरू केला.

त्याला साधन तयार होतं. दुसरी मोठी लढाई चालू होती. सरकारनं आमचं भात लेव्हीत नेलं होतं आणि बदल्यात पोषक आहारावरची पत्रकं पाठवली होती. त्यातल्या एकात समुद्रातल्या अन्नाची थोरवी होती. ज्या गावांना समुद्र नाही त्यांनी काय करावं, ते बहुधा पुढच्या पत्रकात येणार होतं. मामांनी हे पत्रक पाठ केलं आणि चावडीवर बसून ते लोकांना पाजू लागले. माकुलात अंगी मांस धरवणारं सत्त्व बकऱ्याच्या तोडीचं, चरबी जवळजवळ नाहीच, रक्ताला लागतं ते तांबं भरपूर, आणि मेंदूला फॉस्फरस. फॉस्फरस हा शब्द त्यांना फार आवडला. मेंदू नसेल तर फॉस्फरस कुठे जाऊन बसतो, याबद्दल पत्रकात काही नव्हतं.

पुढे मी इकडचं तिकडचं वाचलं तेव्हा कळलं, की त्यातलं बरंच खरं होतं. माकूल पचायला हलका, आजाऱ्यालाही चालावा असा. फक्त तो नीट शिजला पाहिजे. नाही तर पोषण राहतं बाजूला आणि जबड्याला व्यायाम तेवढा मिळतो.

"मामा, त्यो मासा हाय का किडा?" चावडीवर एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"शास्त्राप्रमाणे तो मासाच नव्हे. मृदुकाय प्राणी. गोगलगाईचा भाऊबंद."

"गोगलगाईच्या पाठीवर घर असतंय. ह्याच्या?"

"याला घर नसतं."

"मंजी घर सोडून आल्याली गोगलगाय."

कोणी हसलं नाही. बाय त्याच वेळी डोक्यावर हंडा घेऊन समोरून चालली होती. म्हाताऱ्यानं जीभ चावली आणि मामांनी घाईनं फॉस्फरसाकडे मोर्चा वळवला.

माकूल आणण्याचं काम माझ्या नवऱ्यानं केलं. ते खोपोलीच्या वीजघरात कामाला होते आणि पनवेलच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून तिला धीर द्यायचा असे. थंडीचे दिवस होते म्हणून बरं. तरीही पहिली पाटी आली तेव्हा ड्रायव्हरनं ती टपावर बांधलेली होती.

"आत ठेवली हुती वयनी. पाशिंजर म्हनले, मासा तरी ठेव नायतर आमाला तरी."

मीठ आणि सागाची पानं घातलेल्या त्या पाटीतून आम्ही पहिल्यांदा माकूल बाहेर काढला. जांभळट ठिपक्यांची बुळबुळीत पिशवी, तिच्या तोंडाशी दोन मोठे शहाणे डोळे, आणि डोळ्यांपुढे पायांचा झुबका. त्याच्याकडे बघून मला तो लोकल बोर्डावर शोभला असता असं वाटलं. मी ते मनात ठेवलं.

बायनं तो सासरी साफ होताना पाहिला होता, पण लांबून. आम्ही दोघी परसात पाटावर बसलो. डोकं धरून हळू ओढलं की आतलं सगळं त्याबरोबर येतं, हे खरं. पण हळू म्हणजे किती हळू, हे आम्हाला पहिल्या माकुलानं शिकवलं. त्याच्या पोटात शाईची चंदेरी पिशवी असते. ती फुटली. माझं लुगडं, बायचे हात, पाट आणि शेजारी बसलेली मांजर, सगळी काळी झाली. मांजर दोन दिवस घरात आली नाही.

दुसऱ्या माकुलापासून जमू लागलं. डोळ्यांच्या पुढून पाय कापून घ्यायचे. पायांच्या मधोमध पोपटासारखी चोच असते, ती बोटानं दाबली की उडून बाहेर पडते. पिशवीत पाठीच्या बाजूनं एक लांब पातं असतं, काचेसारखं आरपार, मोराच्या पिसाच्या आकाराचं. ते टोकाला धरून ओढलं की सरळ निघून येतं. साल काही केल्या हातात येईना. तेव्हा बाय उठली आणि चुलीतली राख घेऊन आली. आमच्याकडे मरळीला राख लावून धुतात. राखेनं बोटं धरली आणि जांभळी साल सोलपटासारखी निघाली. आतला माकूल पांढराशुभ्र होता. बायनं तो उजेडात धरला. माहेरी आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

"सासरी मीठ लावत्यात," ती म्हणाली. "त्यांना राख म्हाईत नाय."

शिजवण्याचं आम्ही खाऊन खाऊन शिकलो. निम्म्या माकुलाच्या चकत्या करून तापल्या तव्यावर टाकल्या. त्या लगेच पांढऱ्या झाल्या, कडा वळल्या. तेव्हाच उतरवल्या त्या लोण्यासारख्या लागल्या. थोडं थांबून उतरवल्या त्या मोटारीच्या ट्यूबसारख्या. आम्ही चिडून उरलेल्या तशाच मंद आचेवर ठेवल्या आणि गोठ्याकडे गेलो. बऱ्याच वेळानं येऊन बघितलं तर त्या परत नरम झालेल्या. म्हणजे माकूल एक तर झटपट उतरवायचा, नाही तर निवांत शिजू द्यायचा. मधेच उतरवला तर कवळी जाते.

"मी मधीच उतरवला," बाय म्हणाली. "एवडंच चुकलं."

"एवढंच."

"एवड्यासाटी मला धाडली."

मी तवा राखेनं घासायला घेतला.

मामांनी विहीणबाईंना आणि जावयाला जेवणाचं आवतण पाठवलं. सोबत गावातले चार प्रतिष्ठित पंगतीला बोलावले. मुलीची परीक्षा चार लोकांदेखत व्हावी, असं त्यांना वाटत होतं. नापास झाली तर तेही चार लोकांदेखतच होणार, हे मी त्यांना सुचवून पाहिलं. "आमच्या घरात नापास होण्याची प्रथा नाही," ते म्हणाले. त्यांचे चिरंजीव मॅट्रिकला दोनदा बसले होते.

त्या दिवशी पहाटेच्या मोटारीनं दुसरी पाटी आली. बायनं मला हातही लावू दिला नाही. शाई एकदाही फुटली नाही. लहान माकुलांच्या चकत्या केल्या. मोठे होते त्यांचे पाय बारीक चिरून कांदा, लसूण आणि घरच्या मसाल्यात परतले, थोडी आंबोशी घातली, ते पोटात भरलं, तोंडं बांबूच्या काड्यांनी टाचली आणि मातीच्या तवलीत मंद निखाऱ्यावर ठेवून दिले. ही भरलेल्या माकुलांची कल्पना तिची स्वतःची. वांगी भरतात, मग हा तर जन्मतःच पिशवी, असं तिचं म्हणणं.

एवढ्यात मामा परसात आले. पाटाशेजारी काढून टाकलेल्या पात्यांचा आणि शाईच्या पिशव्यांचा ढीग होता. त्यांनी काठीनं ढोसून विचारलं, "हे काय?"

"माकलाचं हाड म्हनत्यात, बाबा. फेकायचं."

"हाड?" मामा खाली वाकले. "म्हणजे नळी! आणि जावयाची नळी तू उकिरड्यात टाकतेस?"

इथे सांगायला हवं, की आमच्या भागात जावई जेवायला आला की मटणातली मज्जेची नळी त्याच्या ताटात पडते. ती दुसऱ्याला वाढली तर पाहुणे रुसतात. एका लग्नात व्याह्याला नळी गेली म्हणून वरात अडली होती. तेव्हा मामांचं म्हणणं आमच्या रीतीप्रमाणे अगदी बिनचूक होतं. फक्त ती रीत बकऱ्याची होती.

"बाबा, त्यात आत काय बी नसतंय," बाय म्हणाली. "कोरडं हाय."

"मानात आत काय असतं? मान कोरडाच असतो."

"मामा, काढून टाकणं हीच तर परीक्षा आहे," मी म्हणाले. "ताटात पातं दिसलं तर विहीणबाई म्हणतील, हिला अजून साफ करता येत नाही."

मामांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्ही ठरावाला उपसूचना मांडली होती. मग ते आत गेले. आम्ही पाती उचलून खताच्या खड्ड्यात टाकली आणि प्रश्न मिटला असं समजलो.

पाहुणे आले. पुरुषांची पंगत ओटीवर बसली. जावई पहिल्या पाटावर, त्याच्याशेजारी मामा, पुढे चार प्रतिष्ठित. विहीणबाईंना मी मधल्या दारात पाट दिला होता. तिथून त्यांना प्रत्येक ताट दिसत होतं, आणि त्या ताटांखेरीज कशाकडेही बघत नव्हत्या. जावई खाली मान घालून बसला होता. बायनं भाकरी वाढली, चकत्या वाढल्या, आणि भरलेला मोठा माकूल नवऱ्याच्या ताटात ठेवून ती वळली.

मी तवली घेऊन मागून येत होते. मामांचा हात कोटाच्या खिशात गेलेला मी पाहिला. तो बाहेर आला, जावयाच्या ताटावरून फिरला, आणि माकुलाच्या तोंडातून ते काचेसारखं पातं बोटभर बाहेर आलं. टोकाला चकाकत होतं.

"ह्ये काय?" विहीणबाई दारातून म्हणाल्या. "काटा तसाच?"

ओटीवर सगळे थांबले. बाय हातात पळी घेऊन उभी होती. ती बोलली असती तर चार लोकांदेखत बापाची शोभा झाली असती. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की हातातली तवली सुटता सुटता राहिली.

"विहीणबाई, काटा नव्हे," मामांनी घसा साफ केला. "ती नळी. आमच्याकडे नळीचा मान जावयाचा. शिवाय शास्त्राप्रमाणे तीत फॉस्फरस..."

"व्याही, त्यात चोकायला काय हाय?"

मामा थांबले. पत्रकात हे नव्हतं. त्यांनी चार प्रतिष्ठितांकडे बघितलं आणि ते चौघे आपापल्या भाकरीकडे बघू लागले. त्या शांततेत मला तिसऱ्या घरातली ती बाई गोठा झाडत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

जावयानं मान वर केली. आधी आईकडे बघितलं, मग बायकोकडे. बायकोकडे जरा जास्त वेळ. मग त्यानं ते पातं दोन बोटांत धरून उपसलं, तोंडात घातलं, आणि डोळे मिटून चोखलं. एकदा इकडच्या टोकानं, एकदा तिकडच्या. नळी चोखताना माणसं जसा आवाज करतात तसा त्यानं आवाजही केला.

"ग्वाड हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं कुनी देत नाय ही. आई फेकून देतीया."

विहीणबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या पोरानं आयुष्यात प्रथमच त्यांच्यासमोर तोंड उघडलं होतं, आणि तेही एक पातं चोखायला.

"बगू," त्या म्हणाल्या.

त्यानं पातं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. मग त्यांची नजर सावकाश मामांच्या पांढऱ्या कोटावर गेली. खिशाच्या खाली रुपयाएवढा काळा डाग पसरला होता. ढिगातल्या पात्याला लागलेली शाई त्यांच्या खिशानं पुसून घेतली होती. मामा बेसावधपणे त्यावर हात ठेवून बसले होते, म्हणजे आता बोटंही काळी.

विहीणबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी पातं लेकाच्या ताटात परत ठेवलं.

"ठेव रं. मानाचं हाय," त्या म्हणाल्या. आणि मग बायकडे वळून, "सूनबाई, मला वाड की गं. का आमी नुसता वास घ्यायचा?"

बायनं वाढलं. विहीणबाईंनी भरलेला माकूल बोटांनी तोडला. तो तुटला. त्यांनी खाल्ला, आतल्या पायांचा मसाला वेगळा चाखला.

"साल कशानं काडली?"

"राखंनं," बाय म्हणाली.

"हं." आणखी एक घास. "मीठ कमी हाय."

मीठ कमी नव्हतं. पण एवढं तरी त्यांना बोलू द्यायला हवं होतं, आणि बायनं मान हलवून ते कबूल केलं. जेवण झाल्यावर हात धुताना विहीणबाईंनी मला विचारलं, "सकाळची मोटार कवा येते इकडं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. बायच्या ट्रंकेवर तिसऱ्या घरातल्या बाईनं आणून दिलेलं राखेचं गाठोडं होतं. राख चिंचेच्या लाकडाची, कापडातून चाळलेली. का आणली ते तिनं सांगितलं नाही. मामा दुसरा कोट घालून आले होते आणि ड्रायव्हरला समुद्रातल्या अन्नाबद्दल माहिती देत होते. ड्रायव्हर रोज पनवेलला मासळी बाजाराजवळ जेवत असे, पण त्यानं ती ऐकून घेतली, कारण कोळसा पेटायला वेळ होता.

जावई ट्रंक टपावर चढवून खाली उतरला आणि माझ्याजवळ आला.

"वयनी, एक सांगू का? मामांना नका सांगू."

"सांगा की."

"त्या नळीला लई तंबाकूचा वास येत हुता."

मामांच्या त्याच खिशात त्यांची तंबाखूची चंची असे. मी हसणं लुगड्याच्या पदरात कोंबलं.

"मग गोड का म्हणालात?"

तो टपाकडे बघत होता. बाय मोटारीत खिडकीशी बसली होती आणि सासूला जागा करून देत होती.

"मागल्या बारीला काय बोललो नव्हतो न्हवं," तो म्हणाला आणि मोटारीला धक्का द्यायला मागं गेला.